नाकाचं काम

तापातून उठले आणि तात्यांना
चहाचा वास येईना, रॉकेलचा येईना,
गोठ्यात जाऊन आले,
ओट्यावर टेकत म्हणाले,
"सगळं धुतल्यागत झालंय."

नेमके तेव्हाच पेरू तोडणीला आलेले.

मी कसब्यातली. मला पेरू म्हणजे
शाळेच्या फाटकाशी हातगाडी,
चार फाका, वर तिखटमीठ,
आणि मराठीच्या तासाला दातात अडकलेली बी.
गराड्यात सून होऊन आले त्या उन्हाळ्यात
बागेचं पाणी तोडलेलं, पानं गळत चाललेली;
रात्री गुपचूप नळी सोडली मी
विहिरीकडच्या दोन झाडांना.
पाऊस पडल्यावर बाकीची बाग पांढरी झाली,
ती दोन नुसती हिरवीगार, खुशाल.
तात्या रागावले नाहीत.
"तहान लागल्याबिगर ते फुलत नसतं, वैजू."
त्या झाडांना तेव्हापासून
"वैजूची दोन" म्हणतात गडीसुद्धा.

तोडणीचं त्यांचं सगळं गणित नाकावर.
दव उडालं की निघायचे,
फळाच्या पिशवीच्या तोंडाशी वाकायचे,
"आज नको. परवा."
पिशवीतलं फळ ऊन बघत नाही,
लवकर फिकं पडतं, रंगावर जाऊ नका म्हणायचे.

आता कुणाला न सांगता
त्यांनी अंदाजाने तोडले.
बावीस क्रेट बोपदेव उतरून गुलटेकडीला गेले.
दुपारी आडत्याचा फोन,
खालचे थर बसलेत,
एका पिकल्याने शेजारपाजार पिकवलाय.
बराच वेळ फोन कानालाच होता तात्यांच्या,
पलीकडून तो ठेवून गेल्यावरही.
मग कातर माझ्यापुढे धरली.
"उद्यापासून तुझं नाक."

"कसा येतोय?"
"हिरवा."
"हिरवा म्हणजे?"
"दुधी चिरल्यासारखा."
"ऱ्हाऊ दे त्याला."
"हा जरा... नव्या वहीसारखा. आत साखर."
"किती साखर? चिमूट का चमचा?"
"चिमूट."
"काप. देठ ठेव, देठाला एक पान ठेव.
वढू नकोस, गाईचं दूध न्हाई ते."

नखं कापून यायला लावलं मला, अंगठी काढून.
ओरखडा आज दिसत नाही म्हणे,
तिसऱ्या दिवशी तपकिरी होऊन
बाजारात बोलतो, आपण तिथे नसताना.
ओल्या गोणपाटांच्या सावलीत क्रेट लावले,
तळाला जुने पेपर, फळाफळाला जाळी.
"तोडलं म्हंजी मेलं न्हाई.
श्वास घेतंय अजून. धाप बसू दे त्याची,
मग गाडीत भर."
रात्री ओसरीत क्रेट रचलेले,
मला झोप लागेना,
एवढी माणसं घरात असल्यासारखं वाटत होतं.

(आई कसब्यात पेरू फ्रीजमध्ये कोंबते, अगदी मागे, गार भिंतीला चिकटवून,
दहा दिवसांनी फोन करते,
तुमचे पेरू आतून काळे निघाले.
तिला किती वेळा सांगायचं.)

भाव बरा आला त्या वेळी. पुढच्या वेळी पडला.
नाक काही परत आलं नाही.
डॉक्टर म्हणतात, येईलही.

काल वैजूच्या दोनमधल्या एकावर
पिशवी बांधायची राहून गेलेला पेरू दिसला,
एका बाजूने राघूने खाल्लेला.
तात्यांनी चोचीची बाजू कापून टाकली,
उरलेल्याची फाक जिभेवर ठेवली.
"गोड आहे?" मी विचारलं.
"गोड हाय. रवाळ हाय.
पण पेरूच हाय का, ते तू सांग."

मी वाकले. त्यांच्या हाताला
मातीचा, तंबाखूचा, आणि त्यावरून
सरळ डोक्यात जाणारा तो वास.

"पेरूच आहे."

मग खाल्ला त्यांनी, उभ्याउभ्या,
बियांसकट.